सुकं वजन

त्या घरात प्रत्येक गोष्टीला एक मालक होता. ट्रॅक्टर भावाचा, गोठा भावजयीचा, रेडिओ आणि शेवटचा शब्द बाबांचा. आणि बियाणं ताईचं. कुठल्या शेतात कुठला मका जाणार आणि कुठलं सोयाबीन, हे गेली एकोणीस वर्षं ताई ठरवत आली होती. तिचं लग्न झालं नव्हतं, व्हायचं राहून गेलं होतं, आणि वय पन्नाशीला टेकलं होतं. भावाच्या संसारात बिनलग्नाच्या बहिणीला काय मान असतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण हिवाळ्यात बियाणेवाला यायचा तेव्हा भावाकडे ढुंकूनही बघायचा नाही. जाडजूड यादी काखेत मारून तो सरळ ताईसमोर येऊन बसायचा, आणि थंडीतही कपाळावरचा घाम पुसायचा. त्या एका दिवसावर ताई वर्ष काढायची.

भावजय तिला आवडत नव्हती आणि हे ती लपवतही नव्हती. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणावं, तर विळा भोपळ्याला एकदाचा कापून मोकळा तरी होतो. या दोघी सहा वर्षं एकाच ओट्यावर काम करत होत्या आणि एकमेकींना पाण्यात पाहत होत्या. भावजय शाळामास्तरची पोर. आली तेव्हा गाय पुढून ओळखायची की मागून, हा प्रश्न होता. ताईनं मनातल्या मनात तिला दोन वर्षांची मुदत दिली होती. तर या बाईनं दोन वर्षांत गोठा असा ताब्यात घेतला की दूध वाढलं, गाई कमी आजारी पडायला लागल्या आणि बाबा जेवताना तिचं कौतुक करायला लागले. माणूस नालायक निघाला तर त्याला माफ करता येतं. लायक निघाला तर फार अवघड जातं.

आता ताईची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. वरच्या, रस्त्याकडेच्या लांब शेतात ती दरवर्षी मक्याचे सहा वाण शेजारी शेजारी पेरायची, प्रत्येकाचा आठ ओळींचा पट्टा. पलीकडे चार पट्टे सोयाबीनचे. कापणीला प्रत्येक पट्ट्याचं धान्य वेगळं ट्रॉलीत घ्यायचं, वजन करायचं आणि पुढच्या वर्षीचा वाण त्यावरून ठरवायचा. एवढं सगळ्यांना दिसायचं. न दिसणारं काम पुढं होतं. प्रत्येक ट्रॉलीतून ताई एक डबा मका काढून घ्यायची, शेडमध्ये जायची आणि ओलावा मोजायच्या यंत्रात तो ओतायची. उशिरा पिकणाऱ्या वाणाच्या दाण्यात कापणीच्या दिवशी पाणी जास्त असतं. काट्यावर ते पाणीही दाण्याच्याच नावावर जमा होतं. ते वजा केलं की खरं उत्पन्न कळतं. भिजलेल्या मेंढीला काट्यावर उभं करून लोकर किती ते सांगण्यात अर्थ नसतो, तशातली गोष्ट.

हे घरात फक्त ताईला माहीत होतं. बाबा त्यांच्या काळात कणीस हातात घेऊन, दाणा दाताखाली फोडून वाण ठरवायचे. भाऊ ट्रॅक्टरवरून उतरायचा तो थेट अंघोळीला. शेडमध्ये ताई काय करते हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. उगाच सांगायचं कशाला? हातचं राखून असलेलं बरं.

त्या हिवाळ्यात भावजयीनं बियाण्याची यादी हातात घेतली. नुसती घेतली नाही, वाचली. मग जेवताना तिनं विचारलं की ते बुटकं सोयाबीन ताई दरवर्षी का खोडते. यादीत तर लिहिलंय की ओल्या जमिनीत त्याला मूळकूज लागत नाही, आणि आपलं खालचं शेत तर सदा ओलं.

ताई म्हणाली की तीन वर्षं पट्ट्यात लावून पाहिलंय, तीनही वर्षं शेवटून पहिलं आलंय.

"पण पट्टे तर वरच्या कोरड्या शेतात असतात," भावजय म्हणाली. "तिथं मूळकूज कशी दिसणार?"

बाबांनी चमचा खाली ठेवला आणि हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मग म्हणाले की यंदाचे पट्टे सूनबाईला बघू देत, ताईचे गुडघेही हल्ली दुखतात. गुडघ्यांचं नाव घेऊन त्यांनी ताईचं राज्य काढून घेतलं, आणि वर पाणी मागितलं. ताईनं पाणी दिलं. त्या रात्री ती जेवली नाही, आणि ती जेवली नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, याचा राग वेगळा.

भावजयीनं पट्टे मन लावून केले, हे ताईलाही नाकारता आलं नसतं. खुंट्या सरळ, नंबर ठळक, अंतर दोरीनं मोजलेलं. सोयाबीनचे दोन पट्टे तिनं मुद्दाम खालच्या शेतात घातले. कापणीच्या दिवशी ती स्वतः काट्याजवळ उभी राहून आकडे लिहीत होती. ताई बांधावर उभी होती, काही काम नसलेल्या माणसासारखी, आणि तिचं तिलाच ते सहन होत नव्हतं. पहिली ट्रॉली भरली तेव्हा तिचा हात सवयीनं पुढं गेला. डबा भरला गेला. मग दुसरा, तिसरा, सहाही. भावजयीनं पाहिलं, पण तिला वाटलं कोंबड्यांसाठी नेत असेल.

ताईनं शेडमध्ये ओलावा मोजला. वहीत आधी तारीख टाकली, मग आकडे. काट्यावर चार नंबरचा वाण सगळ्यांच्या पुढं होता, चोवीसशे दहा किलो. पण त्यात ओलावा होता एकोणतीस टक्के. ताईचा नेहमीचा लवकर येणारा वाण बावीसशे नव्वद भरला होता आणि त्यात पाणी होतं एकोणीस टक्के. तिनं पाणी वजा केलं. चार नंबर पहिल्यावरून घसरत पाचव्यावर आला. ताईनं पेन्सिल खाली ठेवली आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

खरं सांगायचं तर ती बोलणार होती. निदान बोलायचं असं ठरवून ती स्वयंपाकघरात आली होती. घरातली माणसं टेबलाभोवती बसली होती आणि भावजयीनं कागद पुढं केला होता. चार नंबर सगळ्यांत वर, खाली दोन रेघा ओढलेल्या. खालचं शेत आणि ओढ्याकडचे दोन्ही तुकडे चार नंबरनं भरायचे, आणि खालच्याच शेताच्या सगळ्यांत ओल्या कडेला बुटकं सोयाबीन, असं ती म्हणाली. बाबा मान हलवत होते. ताईनं घसा साफ केला.

तेवढ्यात भावजय तिच्याकडं वळली. "वन्सं, एकोणीस वर्षं तुम्ही अंदाजानं ठरवलंत. एक वर्ष आकड्यांनी ठरवून बघू या."

अंदाजानं! जिनं एकोणीस वर्षं दशांशापर्यंत भागाकार केले तिला ही कालची पोर अंदाज म्हणत होती, तेही अर्धवट आकडे हातात धरून. ताईच्या कानशिलाशी काहीतरी गरम झालं.

"तुम्हाला काही म्हणायचंय का?" भावजयीनं विचारलं. तिनं नीट विचारलं होतं, टोमणा नव्हता. पण ताईला त्या वेळी कुठलीच गोष्ट नीट ऐकू येत नव्हती.

"आकडे तुझे," ताई म्हणाली. "मी काय म्हणणार?"

आणि ती मूग गिळून बसली.

वसंतात आणखी एक संधी आली. पेरणीच्या आदल्या दिवशी भाऊ शेडमध्ये पेरणीयंत्राला वंगण देत होता. ताई दारात दिसली तसं त्यानं विचारलं की खालचा सगळा मका एकाच वाणाचा लावतोय, तेही उशिरा येणाऱ्या, हे ठीक आहे ना. भाऊ भोळा होता. लहानपणी बुटाची नाडी बांधून घ्यायलाही तो ताईकडेच यायचा, आणि आता तसाच मान वर करून तिच्याकडं बघत होता. पण भावाच्या मागं पिशव्यांची चळत होती आणि प्रत्येक पिशवीवर खडूनं, भावजयीच्या गोल गोल अक्षरात, चार लिहिलं होतं.

"तुझ्या बायकोला विचार," ताई म्हणाली आणि गेली.

उन्हाळ्यात चार नंबर असा फोफावला की रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून बघायचे. उंच, गडद, एकेक कणीस मनगटाएवढं. भावजय रोज संध्याकाळी त्यातून फेरी मारायची आणि हसऱ्या चेहऱ्यानं घरी यायची. ताई खिडकीतून बघायची आणि वाट बघायची. आपल्याच शेतातलं पीक नासावं म्हणून एवढ्या आशेनं कुणी थांबलं नसेल. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणाऱ्या माणसाला लोक हसतात, पण त्या माणसाला नाकाचं दुखणं जाणवत नसतं, समोरच्याचा चेहरा तेवढा बघायचा असतो. ताईचं तसंच चाललं होतं. ती वाईट नव्हती असं म्हणायला मला आवडलं असतं. त्या वर्षी ती वाईट होती.

शरद ऋतू धुक्यातच आला. तीन आठवडे ऊन असं पडलंच नाही. वरच्या शेतातला लवकरचा मका तोवर कापून कोठारात गेला होता. खालचा चार नंबर हिरवट देठानं उभाच. दाणा सुकायचं नाव घेईना. यांच्या कोठाराला नुसता पंखा होता, धान्य वाळवायची भट्टी नव्हती, आणि एवढा ओला मका पंख्यावर वाळणार नव्हता. भाऊ रोज सकाळी जाऊन कणीस सोलून बघायचा आणि रोज उद्यावर ढकलायचा. चौथ्या आठवड्यात सोललेल्या कणसाच्या टोकाला गुलाबी बुरशी दिसली. मग घाईघाईनं कापणी झाली, चिखलात, कापणी यंत्र दोनदा रुतवून.

बुटकं सोयाबीन मात्र त्याच ओल्या मातीत खिळ्यांसारखं उभं राहिलं. एक झाड लोळलं नाही, एका मुळाला कूज नाही. ताईनं स्वतः दोन झाडं उपटून पाहिली, मुळं पांढरीशुभ्र होती. हा निकाल तिच्या वहीत जायला हवा होता. तिनं तो लिहिला नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वहीतली एक ओळ कोरी राहिली.

मक्याच्या तीन ट्रॉल्या खरेदी केंद्रावर गेल्या आणि तशाच परत आल्या. तिथल्या तपासनिसानं लांब नळी खुपसून मधला दाणा काढला, तळहातावर चोळला, हुंगला, आणि मागच्या गाडीला पुढं बोलावलं. जनावरांनाही घालू नका, एवढंच तो म्हणाला. अंगणात तीन ट्रॉल्या उभ्या राहिल्या आणि घरभर कुबट वास पसरला.

चौघं टेबलाशी बसली. चहा कुणी घेतला नाही. भाऊ टोपी हातात फिरवत होता. आता वर्ष ओढायचं तर हिवाळाभर त्याला खडीच्या ट्रकवर जावं लागणार होतं, पहाटे पाचपासून, आणि ते त्यानं सगळ्यांना सांगून झालं होतं. भावजयीचे डोळे सुजले होते, पण आवाज स्थिर होता.

"चूक माझी आहे," ती बाबांना म्हणाली. "वाण मी निवडला. पण कुठं चुकले ते मला कळत नाहीये. मी सगळं मोजलं होतं."

हा तो क्षण. ताई एक वर्ष याच वाक्यासाठी जगली होती. चूल पुसताना, कपडे वाळत घालताना तिनं पुढचं भाषण शंभर वेळा मनात म्हटलं होतं. ती उठली, खोलीत गेली, वही घेऊन आली आणि टेबलावर उघडून ठेवली.

सगळं नाही मोजलंस, ती म्हणाली, आणि मग बोलत गेली. ओलं वजन काय, सुकं वजन काय, डबा कधी भरायचा, झाकण लगेच का लावायचं, पाणी वजा कसं करायचं. एकोणीस वर्षं राखून ठेवलेली विद्या तिनं दहा मिनिटांत ओतली. आणि ती सांगत होती इतकं छान की बाबांचा हात कानामागं गेला. भावजय हुशारच. तिनं वही जवळ ओढली, एका ओळीवर बोट फिरवलं, ओठ हलवत हिशेब केला.

"म्हणजे चार नंबर पहिला नव्हताच," ती म्हणाली. "पाचवा होता."

"पाचवा," ताई म्हणाली. तिला वाटलं, आता झालं. आता सगळे तिच्याकडं बघतील. आणि सगळे तिच्याकडं बघत होतेही.

भावजयीचं बोट त्याच ओळीवरून मागं सरकत पानाच्या कडेला गेलं. "ही तारीख गेल्या वर्षीची आहे."

"मग? त्याच दिवशी मोजलं मी. मी कामं रेंगाळत ठेवत नाही."

ती हे ताठ मानेनं म्हणाली. मग तिनं वहीकडं पाहिलं, आणि तिच्याच हातचा तो आकडा, दिवस, महिना, वर्ष, तिला पहिल्यांदा दिसला. वर्षभर तिनं या पानाला साक्षीदार म्हणून जपलं होतं. ते कुणाविरुद्ध साक्ष देणार आहे, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," भावजय हळूच म्हणाली. "इथंच. काही म्हणायचंय का म्हणून."

शेडमधलं भावाला आठवलं असणार, कारण त्याची टोपी फिरायची थांबली. तो उठला आणि ट्रॉल्या रिकाम्या करायला बाहेर गेला. जाताना त्यानं बहिणीकडं पाहिलं नाही.

बाबांनी वही मिटली. "ही चुकली, कारण हिला माहीत नव्हतं. तू कशानं चुकलीस?"

"ती म्हणाली, मी अंदाजानं ठरवते," ताई म्हणाली.

वर्षभर हे कारण तिला डोंगराएवढं वाटत आलं होतं. बाहेर भाऊ फावड्यानं बुरशीनं काळा पडलेला मका खाली ओढत होता, त्याचा खरखर आवाज येत होता, आणि त्या आवाजात ते वाक्य अगदीच एवढंसं ऐकू आलं. तिनं ते पुन्हा म्हटलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं बाबा दुसऱ्या कुणाबद्दल नक्की म्हणाले असते. लेकीला ते म्हणाले नाहीत, आणि त्यांनी ते म्हणायला हवं होतं, असं ताईला वाटलं.

हिवाळ्यात बियाणेवाला आला. ताईनं ठरवलं होतं की त्या दिवशी खोलीबाहेर पडायचंच नाही. पण भावजय स्वतः दारात आली आणि चला म्हणाली. तिच्या आवाजात ना राग ना लोभ. राग असता तर बरं झालं असतं. भांडायची ताईला सवय होती.

बियाणेवाला कुणासमोर बसावं या विचारात टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला. यादी भावजयीपुढं गेली. ती एकेक नाव वाचायची आणि ताईला विचारायची, आणि ताई सांगायची. एवढं चांगलं ती आयुष्यात बोलली नव्हती. कुठला मका वरच्या हलक्या जमिनीला, कुठला खालच्या भारी जमिनीला. सगळं एकाच वेळी पिकणारं लावू नका, तीन टप्प्यांत लावा. कुठल्या वाणाचा देठ वाऱ्यात मोडतो. बुटक्या सोयाबीनचं नाव आलं तेव्हा ती थांबली, मग म्हणाली, "ते मी उगाच खोडत होते. खालच्या शेतात तेच लावा." भावजयीनं मान वर करून पाहिलं, मान हलवली आणि लिहून घेतलं. ताईला क्षणभर वाटलं की सुटले.

मग भावजयीनं यंदाच्या पट्ट्यांचे सहा हवाबंद डबे टेबलावर मांडले. ताईनं ते कापणीलाच भरून झाकले होते, वही उघडी पडल्यावर त्यांचा ओलावा मोजला होता, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, आणि आकडे प्रत्येक डब्यावर चिकटवले होते. भावजयीनं पहिला डबा उचलला आणि शेडकडं निघाली.

"मोजलेलं आहे ते," ताई म्हणाली.

भावजय दारात थांबली. तिनं खोचून बोलायचं म्हणून काही शोधलं नाही. साधं जे होतं ते सांगितलं.

"हो वन्सं. पण ते तुम्ही मोजलंय."

बियाणेवाला आपल्या बुटांकडं बघत बसला. बाबांनी रेडिओचा कान पिळला. थोड्या वेळानं शेडमधून यंत्राची घरघर आली, मग भावजय परतली, आकडा तोच आला होता. तिनं डब्यावरच्या आकड्यापुढं बरोबरची खूण केली आणि दुसरा डबा उचलला. ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. उरलेले पाचही आकडे बरोबर येणार होते हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि पुढच्या वर्षीही ते कुणीतरी पुन्हा मोजणारच होतं.